हिशेबाच्या शिळेवरील नावे

आमच्या शाळेच्या ओसरीवर, कार्यालयाच्या दारापासून पाण्याच्या माठापर्यंत, एक काळपट निळा पट्टा भिंतीला लावलेला आहे. लांबी अठरा फूट, उंची एक फूट. त्यावर पांढऱ्या पुठ्ठ्यातून कापलेल्या चोवीस आकृती एका रांगेत मांडल्या आहेत. काठीवर रेललेला पुरुष, रथाला जुंपले जाणारे दोन घोडे, गाडीजवळ उभी असलेली स्त्री आणि तिची दोन खेचरे, काही लिहीत असलेला एक तरुण, एका बाईला बिलगलेली लहान मुलगी. मुलांना न्यायला आलेले पालक क्षणभर थांबतात आणि विचारतात, “बाई, हे कोणी काढले?” त्या प्रश्नाचे उत्तर पट्ट्याखालीच एका लांब कागदावर लिहून ठेवले आहे, आणि आज वाचकांपुढे जे मांडावयाचे आहे ते पट्ट्यापेक्षा त्या कागदाविषयी अधिक आहे.

प्रारंभ झाला तो एका उत्तरपत्रिकेने. सातवीच्या मुलांना प्राचीन ग्रीसचा धडा शिकवून मी परीक्षा घेतली. ग्रीक कलेचे महत्त्व सांगा, या प्रश्नाला बहुतेक मुलांनी एकच वाक्य लिहिले, कारण ते मीच फळ्यावर लिहून दिले होते. एका मुलाने फिडियस हे देवळाचे आणि पार्थेनॉन हे शिल्पकाराचे नाव म्हणून दिले होते. मला प्रथम हसू आले. नंतर वाटले, त्या मुलाचा दोष तरी काय? ज्याने संगमरवरावर छिन्नी चालताना कधी पाहिली नाही, ज्याला त्या धड्यातील एकही वस्तू हातात धरता आली नाही, त्याला देऊळ आणि माणूस दोन्ही सारखेच परके.

याच वेळी माझी स्वतःची एक जुनी आठवण जागी झाली. मी लहान असताना आमच्या शाळेत प्रदर्शन भरले होते. वर्गाने कागदाच्या लगद्याचा एक मोठा डोंगरी किल्ला केला. आठ दिवस रोज सकाळी लवकर जाऊन रद्दी भिजवणे, ती वाटणे, मेथीचे पीठ मिसळून लगदा मळणे हे काम माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे होते. ज्याचा हात चित्रकलेत चांगला होता त्या मुलाने शेवटच्या दिवशी बुरूज रंगवले. प्रदर्शनात किल्ल्यापुढे चिठ्ठी लागली ती त्या एकट्याच्या नावाची. खाली मार्गदर्शक शिक्षकांचे नाव. कोणी अन्याय करावा म्हणून केला नव्हता. कोणाच्या ते ध्यानातच आले नव्हते. परंतु ‘आपल्याला हाताने काही करता येत नाही’ ही समजूत त्या दिवशी माझ्या मनात जी बसली ती पुढे कित्येक वर्षे निघाली नाही. वर्गात सामुदायिक काम द्यायचे तर त्याची ही बाजू मला प्रथम सोडवावयाची होती, आणि ती कशी सोडवावी हे मला चक्क अथेन्सच्या लोकांनी शिकवले.

अथेन्स नगराच्या मधोमध अक्रोपोलिस नावाची खडकाळ टेकडी आहे. पार्थेनॉन तिच्यावरच, इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात बांधलेले. त्याच्या उत्तरेस एरेक्थियॉन नावाचे एक लहान, परंतु फार नाजूक घडणीचे देऊळ आहे. खांबांच्या जागी सहा स्त्रीमूर्ती डोक्यावर छत धरून उभ्या असल्याचे चित्र वाचकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. ते याच देवळाचे सज्जे. त्या सहा मूर्तींपैकी एक लॉर्ड एल्गिन या स्कॉटिश सरदाराच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उचलून नेली व ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उरलेल्या पाच २००९ साली उघडलेल्या अक्रोपोलिस संग्रहालयात ठेवल्या असून देवळाच्या जागी आता त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत.

या देवळाच्या वरच्या अंगाने, भिंतीच्या माथ्यावर, एक शिल्पपट्ट फिरवलेला होता. त्याची रीत काही निराळीच होती. साधारणतः शिल्पकार एकाच शिळेतून पार्श्वभूमी आणि आकृती कोरून काढतो. येथे पाठीमागचा दगड एल्युसिसच्या खाणीतील गडद राखी चुनखडीचा, आणि आकृती मात्र पांढऱ्या संगमरवराच्या, एकेक स्वतंत्र कोरलेल्या. प्रत्येक आकृती पूर्ण झाली की ती धातूच्या खुंटीने गडद दगडावर बसवीत. पट्टाची उंची सुमारे दोन फूट. आज त्याचे तुकडे तेवढे उरले आहेत आणि त्यावर नेमकी कोणती कथा होती याविषयी विद्वानांत एकमत नाही.

पुस्तकात हे वाचताना माझ्या मनात आले की, ही तर शाळेसाठीच योजलेली रचना आहे! एकाच मोठ्या कागदावर तीस मुले एकाच वेळी काम करू शकत नाहीत. कोपर कोपराला लागते, शाई सांडते, आणि शेवटी धीट मूल पुढे सरकते, भिडस्त मागे राहते. परंतु आकृती वेगवेगळ्या करून नंतर एका पट्ट्यावर बसवावयाच्या असतील तर प्रत्येकाला आपापली जागा, आपापला वेळ मिळतो. अथेन्सच्या कारागिरांनाही बहुधा हीच सोय हवी होती. अनेक जण अनेक ठिकाणी बसून काम करीत असता देऊळ लवकर पुरे व्हावे, ही निकड त्यांना होती.

निकड म्हणण्याचे कारण असे. ते दिवस अथेन्सला सुखाचे नव्हते. स्पार्टाबरोबरचे युद्ध इ. स. पूर्व ४३१ मध्ये सुरू झालेले. ४१३ मध्ये सिसिलीवर पाठवलेले प्रचंड आरमार आणि सैन्य समूळ बुडाले. एरेक्थियॉनचे काम अर्धवट पडले होते. ४०९ मध्ये नगराने एक समिती नेमली. तिने देवळाची पाहणी करून कोणता दगड बसला, कोणता जमिनीवर पडून आहे, कोणता खांब अद्याप घडवावयाचा आहे याची बारीक यादी केली. मग काम पुन्हा सुरू झाले आणि त्याचा हिशेब दगडी शिळांवर कोरून लोकांना पाहण्यासाठी उभा केला गेला. त्या शिळांचे तुकडे आज उपलब्ध आहेत व वाचले गेले आहेत.

हा हिशेब मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती एरवी गोष्ट सांगतानाच पसरते. अथेन्सचे नाणे द्राख्मा. सहा ओबोलांची एक द्राख्मा. शिल्पपट्टातील एका आकृतीचा दर साठ द्राख्मा. केरामेइस येथील अँटिफेनीस याने रथ, तरुण आणि जुंपले जाणारे दोन घोडे कोरले; त्याला दोनशे चाळीस मिळाल्या. मेलिटे येथे राहणाऱ्या प्राक्सियसने घोडा व त्याच्या मागे दिसणारा माणूस कोरला, एकशे वीस. ॲगॅथॅनॉर नावाच्या कारागिराला गाडीजवळची स्त्री आणि दोन खेचरे यांबद्दल एकशे ऐंशी. लिहीत असलेला तरुण आणि त्याच्याजवळ उभा असलेला माणूस, एकशे वीस. मुलांनी लगेच भागाकार केला व वर्गात वाद पेटला. खेचराला साठ आणि बाईलाही साठच? एक मुलगी म्हणाली, “खेचराला चार पाय आहेत, त्याचे काम जास्त.” दुसरा म्हणाला, “माणसाचे तोंड कठीण असते.” एका बाईला बिलगलेल्या मुलीसह जी आकृती आहे तिचे ऐंशी द्राख्मा दिलेले आहेत. म्हणजे लहान मूल फक्त वीस! यावर सबंध वर्ग नाराज झाला.

परंतु खरे नवल याच्या पुढे आहे. दगड कापणारे करवतवाले, लाकूडकाम करणारे, वर ओझी चढवणारे, यांची दिवसाची मजुरी साधारणतः एक द्राख्मा. आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा वास्तुशिल्पी आर्किलोकस याचे वेतनही दिवसाला एक द्राख्माच! त्याच्या हाताखालच्या लेखनिकाला पाच ओबोल. सोन्याचा एक वर्ख मात्र एक द्राख्मा देऊन विकत घेतलेला आहे, म्हणजे करवतवाल्याचा सबंध दिवस आणि सोन्याचे एक पान सारखेच. हिशेबाची नक्कल लिहून ठेवण्यासाठी जे दोन कागद घेतले त्यांची किंमतसुद्धा, दोन द्राख्मा चार ओबोल, शिळेवर कोरलेली आहे.

आणि हे काम करणारे होते कोण? ज्यांचा दर्जा हिशेबावरून कळतो असे शहाऐंशी जण आहेत. त्यांपैकी चोवीस अथेन्सचे नागरिक, बेचाळीस बाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेले, आणि वीस दास. नागरिकाच्या नावापुढे ‘अमुक गावचा’ असे लिहीत. बाहेरून आलेल्याच्या नावापुढे ‘अमुक गावी राहणारा’ असे. एवढाच शब्दाचा फरक, परंतु त्या फरकात जमीन घेण्याचा व सभेत मत देण्याचा हक्क गुंतलेला होता. आपणांपैकी ज्यांची घरे दोन-दोन, चार-चार पिढ्या परभाषी मुलखात आहेत, त्यांना ‘गावचा’ आणि ‘गावी राहणारा’ यांतील भेद समजावून सांगावा लागणार नाही. तथापि आकृतीचा दर दोघांना एकच. पूर्वेकडील एका खांबाला उभ्या पन्हळी पाडण्याच्या कामावर सिमियस नावाचा एक स्थायिक परदेशी आणि त्याचे दास एकत्र होते. त्यांच्यातील केर्डॉन या दासाचे नाव धन्याच्या नावासारखेच शिळेवर आहे आणि त्याच्या नावापुढील रक्कमही जवळजवळ तेवढीच आहे.

येथे मी मुलांना थांबवले. कारण एकाने आनंदाने सांगितले, “म्हणजे तिथे दासाला न्याय मिळत होता!” तसे नव्हते. केर्डॉनच्या नावापुढे पैसे लिहिले गेले, परंतु त्यांवर हक्क धन्याचा होता. कला सुंदर होती म्हणून ती करणारा समाज निर्दोष होता असे मुलांना शिकवणे म्हणजे त्यांना फसवणे होय. पण हेही तितकेच खरे की, पार्थेनॉनवरील भव्य शिल्पे ज्या असंख्य हातांनी कोरली त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि केर्डॉनचे नाव मात्र चोवीसशे वर्षांनी आमच्या सातवीच्या वर्गात उच्चारले गेले, ते केवळ कोणीतरी प्रामाणिकपणे हिशेब लिहिला म्हणून.

तेव्हा आम्ही ठरवले की आपणही तसेच करावयाचे. वर्गात बत्तीस मुले. पाच-सहा जणांच्या टोळ्या केल्या. एका टोळीने पट्टा तयार केला: जुन्या चादरीवर कागद चिकटवून, घरातील कपड्यांच्या निळीत दिव्याची काजळी कालवून दिलेला रंग. दुसरीने पुठ्ठा गोळा केला. लग्नपत्रिका आणि कापडाच्या दुकानातील खोक्यांची झाकणे यांच्याइतका चांगला पुठ्ठा विकतही मिळत नाही. तिसरीकडे गव्हाच्या पिठाची खळ आणि चिकटवण्याचे काम. उरलेल्यांकडे आकृती. आणि एक लेखनिक, जो वर्गात सर्वांत कमी बोलत असे. त्याने प्रत्येक तासाला कोण आले, कोणी काय केले, किती पुठ्ठा लागला हे वहीत लिहावयाचे. दर तासाची मजुरी एक द्राख्मा. ती रेखाटणाऱ्याला जेवढी तेवढीच खळ शिजवणाऱ्याला. पैसे अर्थातच कागदी.

आकृती काढावयाच्या कशा? मी चित्रे दाखवून नक्कल करावयास सांगितले असते तर काम लवकर झाले असते, परंतु शिकणे झाले नसते. म्हणून आधी मुलांना अंगणात उभे केले. इ. स. पूर्व ४८० च्या आधीच्या ग्रीक मूर्ती सरळ, ताठ, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या असतात. त्या सुमारास काहीतरी बदलते. अक्रोपोलिसवर १८६५ साली सापडलेली एका तरुणाची मूर्ती आहे. ‘क्रिटियसचा मुलगा’ या नावाने ती ओळखली जाते. त्याने शरीराचा भार एका पायावर टाकला आहे, दुसरा गुडघा सैल सोडला आहे आणि त्यामुळे एका बाजूचे कंबरेचे हाड किंचित वर गेले आहे. मान अगदी थोडी वळली आहे. एवढ्याने दगडाचे माणूस झाले.

मी मुलांना सांगितले, “आता एका पायावर भार द्या आणि कमरेवर हात ठेवून पाहा.” बत्तीस मुले एकाच वेळी चाचपून पाहत होती. “बाई, खरंच वर जातं!” हा उद्गार ज्या मुलाने काढला तो उत्तरपत्रिकेत पार्थेनॉनला शिल्पकार करणारा मुलगा होता. त्या दिवसानंतर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा भार कोणत्या पायावर आहे हे पाहण्याची त्यांना खोडच लागली. रविवारी मिस्सेच्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांवरही तिचा प्रयोग झाला असे माझ्या कानावर आले.

मग एकेकाने दुसऱ्यासाठी उभे राहावयाचे. झाडू ही काठी, बाक हा रथ. वस्त्रांच्या चुण्या जमेनात. ग्रीकांचे वस्त्र शिवलेले नसे. आयताकृती कापड अंगाभोवती घेऊन खांद्यावर टाचत आणि कमरेला बांधत. शिवलेल्या फ्रॉकात व शर्टात वाढलेल्या मुलांना त्याच्या चुण्या कोठून सुटतात ते कळेना. तेव्हा एका मुलीने घरून आजीचे जुने नऊवारी लुगडे आणले. ते खांद्यावरून सोडले आणि प्रकाश एका बाजूने येईल असे उभे केले. कापड जेथे बांधले तेथून चुण्या सुटतात, आणि गुडघा पुढे आला की तेथे त्या नाहीशा होतात, हे तिने सर्वांना दाखवले. पट्ट्यावर गाडीजवळची जी स्त्री आहे ती याच मुलीच्या हातची.

ग्रीक शिल्पपट्टांत सामान्यतः आणखी एक नियम आढळतो. माणसे उभी असोत वा बसलेली, त्यांची डोकी जवळपास एकाच उंचीला येतात. आम्ही पट्ट्यावर वरून दोन बोटे खाली खडूची रेघ ओढली आणि सर्व डोकी तेथे आणली. त्यामुळे उंच मुलाने काढलेली आणि बुटक्या मुलीने काढलेली आकृती शेजारी शोभू लागल्या. प्रत्येक आकृतीच्या पाठीमागे पुठ्ठ्याची छोटी घडी लावून ती पट्ट्यापासून जराशी पुढे आणली, म्हणजे तिची सावली पडते. मूळ शिल्पे आपण समजतो तशी कोरी पांढरी नव्हती; ग्रीक लोक संगमरवरावर रंग देत, आणि पार्थेनॉनच्या शिल्पांवर निळ्या रंगाचे अंश आधुनिक उपकरणांनी दिसून आले आहेत. मुलांना हे सांगताच ती रंगाच्या डब्यांकडे धावली. केस, काठ आणि घोड्यांचे लगाम एवढ्यावर मी त्यांना कसेबसे आवरले.

एक चूक माझी झाली. मुले घरी गेल्यावर एका घोड्याची वाकडी मान मी स्वतः कात्रीने नीट केली. दुसऱ्या दिवशी घोड्याचा कर्ता काही बोलला नाही. लेखनिकाने मात्र वही पुढे करून शांतपणे विचारले, “बाई, तुमचा किती वेळ लिहू?” मी निमूटपणे सांगितले. यादीत माझ्या नावापुढे दोन ओबोल आहेत.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याचे वडील भेटावयास आले. माणूस भाविक आणि सरळ मनाचा. म्हणाले, “बाई, मुलांकडून आपल्या संतांची चित्रे काढून घ्यावीत; त्या मूर्तिपूजकांची देवळे कशाला?” प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. मी त्यांना प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय आठवून दिला. संत पौल अथेन्सला आला त्या वेळी एरेक्थियॉन साडेचारशे वर्षांचे जुने झाले होते. नगरातील मूर्ती पाहून त्याचा जीव कळवळला हे खरे. परंतु तो डोळे मिटून निघून गेला नाही. तो हिंडला, त्याने लोकांची पूजास्थाने लक्षपूर्वक पाहिली, त्यांच्या एका वेदीवर काय लिहिले आहे ते वाचले, आणि अरियोपगावर उभा राहून बोलला तेव्हा त्यांच्याच कवींच्या शब्दांचा आधार घेतला. ज्यांना पाहिले नाही त्यांच्याशी बोलणार कसे? पुढे याच टेकडीवरील पार्थेनॉन देवमातेचे मंदिर झाले आणि एरेक्थियॉनमध्येही ख्रिस्ती उपासना होऊ लागली.

व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक्सेकियसने केलेला मोठा रांजण आहे, हेही मी त्यांना सांगितले. इ. स. पूर्व सहाव्या शतकातला. दोन योद्धे, अकिलीस व एजॅक्स, भाले खांद्याला टेकवून सोंगट्यांचा खेळ खेळत आहेत. एकाच्या तोंडाजवळ ‘चार’ आणि दुसऱ्याच्या तोंडाजवळ ‘तीन’ असे दान लिहिलेले आहे. आणि हा रांजण घडवणारा व रंगवणारा आपणच, हे एक्सेकियसने त्यावर नोंदवून ठेवले आहे. याच संग्रहालयात पार्थेनॉनच्या शिल्पांचे तीन तुकडेही होते: घोड्याचे डोके, एका मुलाचे डोके, एका दाढीवाल्या पुरुषाचे डोके. परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी ते ग्रीसला परत द्यावयाचे ठरवले आणि मार्च २०२३ मध्ये ते अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात पोहोचले. ते गृहस्थ सर्व ऐकून घेऊन म्हणाले, “सोंगट्या खेळतात म्हणता?” दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाबरोबर पुठ्ठ्याचे दोन खोके पाठवले.

ग्रीस आपल्यापासून अगदीच दूर होते असेही मुलांनी समजू नये. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत गेल्या शतकाच्या चाळिशीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची लहान मूर्ती सापडली. समुद्रमार्गे चाललेल्या व्यापारातून ती इकडे आली. कार्ल्याच्या लेण्यात तर आमच्या विषयाला धरूनच एक गोष्ट आहे. तेथील चैत्यगृहाचे खांब एका राजाने दिलेले नाहीत. निरनिराळ्या माणसांनी एकेक खांब दिला आणि तसे त्या खांबांवर कोरलेले आहे. त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत. ग्रीक व पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांना त्या काळी आपल्याकडे यवन म्हणत. खांबावर नाव कोरणारा तो परदेशी कोण होता, केव्हा आला, येथील कोणती भाषा बोलत होता, असे प्रश्न मुलांनी एकामागून एक विचारले. त्या सर्वांची उत्तरे माझ्याजवळ नव्हती. परंतु ज्या वर्गाने चार महिन्यांपूर्वी एकच वाक्य लिहिले होते त्या वर्गाने ते विचारले.

पट्टा लागला त्या दिवशी लेखनिकाने आपली वही मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवली. बत्तीस नावे आणि त्यांची कामे. खळ शिजवणारी मुलगी, तिच्या नावापुढे नऊ द्राख्मा. निळ आणि काजळी कालवणारा, सात. दोन दिवस आजारी असलेला, पाच. लुगडे देणाऱ्या आजीचेही नाव त्याने कोणाला न विचारता यादीत घातले आणि तिच्यापुढे ‘लुगडे, एक दिवस’ असे लिहिले. खाली कागदाची व शाईची किंमत. नक्कल दोन प्रतींत.

शिक्षकांपैकी कोणाला असे काम करून पाहावयाचे असेल तर त्यांच्यासाठी एक व्यवहाराची सूचना. आम्ही जड आकृती पट्ट्यावर बसवताना घाईने लोखंडी टाचण्या वापरल्या. पावसाळा लागताच त्या गंजल्या आणि एका खेचराच्या पोटावर तांबूस डाग पसरला. मागचा पाय सुटून लोंबू लागला. मुले हिरमुसली. परंतु हीच चूक मोठमोठ्यांकडून झालेली आहे. मूळ कारागीर दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतत, म्हणजे लोखंडाला हवा-पाणी लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी बालानोस या स्थापत्यविशारदाने एरेक्थियॉनची दुरुस्ती केली तेव्हा ही काळजी घेतली गेली नाही. लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर तडकला. अखेर १९७९ ते १९८७ या काळात ते लोखंड काढून त्या जागी न गंजणारे टायटॅनियम घालावे लागले. आम्ही टाचण्या काढून बांबूच्या कामट्या घातल्या. खळीत थोडे मोरचूद टाकले म्हणजे तिला बुरशी येत नाही. मात्र ते विषारी असल्यामुळे ते काम मोठ्यांनी स्वतः करावे. खेचराच्या पोटावरचा डाग तसाच ठेवला आहे. लेखनिकाने यादीच्या तळाशी नवी ओळ लिहिली: खेचराचा पाय, दुसऱ्यांदा, तीन ओबोल.